वीतभर राहिलेली चटई

ज्या वर्षी आसोमुआला घराण्याच्या प्रमुखाची पदवी मिळाली आणि त्याची बहीण मोएलागी नवरा वारल्यावर कडेवरच्या लेकीला, वाओसाला, घेऊन माहेरी परत आली, त्या वर्षी माझी पहिली पात कापली गेली. ते वर्ष आकड्यांत कोणतं, हे मला सांगता येणार नाही. दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या आमच्या सवाई बेटावर जुनी माणसं वर्षं अशीच ओळखतात. कोण जन्मलं, कोण परत आलं, कोणत्या वादळात कोणाचं छप्पर उडालं.

मी एक जुनी चटई आहे, मित्रांनो. चटई म्हटलं की तुम्हाला बसायची, झोपायची चटई आठवेल. माझ्यावर आजवर कोणी बसलेलं नाही. मी केवड्याच्या पातीची आहे, पण ती पात इतकी बारीक की मला हातात घेतलं तर धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यासारखी मी घसरते. आमच्यासारख्या चटया लग्नात दिल्या जातात, पदवीच्या दिवशी दिल्या जातात, मयताला दिल्या जातात. या घरातून त्या घरात, या गावातून त्या गावात आमचा प्रवास चालू असतो. आणि जितके हात लागतील तितका आमचा मान वाढतो. नव्या चटईला कोणी विचारत नाही.

सुरुवातीला मी पान होते. सालेतोगो गावात, आसोमुआच्या वाडीच्या टोकाला, समुद्राच्या वाऱ्याला लागून केवड्याची रांग होती. वारा आला की आम्ही एकमेकींवर घासायचो आणि लाट फुटल्यासारखा आवाज व्हायचा. पान असतानाचं मला फारसं आठवत नाही. मी कायम अर्धवट झोपेत असायचे. समुद्र काहीतरी सांगत असायचा आणि ते पुरतं ऐकू यायच्या आधीच मला पुन्हा डुलकी लागायची.

मग मोएलागीचा कोयता आला. तिने माझे काटे तासले, मला उकळत्या पाण्यात घातलं, वरचा नाजूक पापुद्रा सोलून वेगळा काढला आणि जुडी बांधून मला समुद्रात दगडाखाली दाबून ठेवलं. तिथे खाली, हिरव्या उजेडात, मासे माझ्यातून इकडून तिकडे जात होते. समुद्राचं सांगणं तेव्हा मी सगळं ऐकलं. पण बाहेर काढून उन्हात टाकल्यावर ते वाळून गेलं आणि मी सायीच्या रंगाची झाले.

मोएलागीने अंगठ्याच्या नखाने मला चिरलं. दोऱ्याएवढी पात. एवढी बारीक पात विणायला घेणं म्हणजे वेडेपणा आहे, असं गावातल्या बायका तिला तोंडावर म्हणायच्या.

"मोएलागी, ही चटई आहे की कोळ्याचं जाळं?"

"कोळी निदान माशी तरी पकडतो. ही बाई नुसतीच बसलीय."

मोएलागी हसायची आणि बोटं थुंकीने ओली करून पुढची पात घ्यायची. गावाच्या पटांगणाच्या कडेला बायकांचं विणकामाचं घर होतं. आमच्याकडच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब आणि वर छप्पर. त्यामुळे तिच्या मांडीवर पडल्या पडल्या मला सगळं गाव दिसायचं. कोण चर्चला उशिरा निघालं, कोणाच्या डुकराने कोणाचं अळू उकरलं, सगळं. वाओसा माझ्या कडेला रांगली, चालली, शाळेत गेली, आणि तिचं लग्नही ठरलं, तरी मी पुरी झालेली नव्हते. उन्हाच्या दिवसांत पात कडक होऊन तुटते, म्हणून तेव्हा काम बंद. कोणी आजारी पडलं की बंद. आणि मोएलागीला घाई नव्हती. मी वाओसाच्या लग्नासाठी होते. लग्न ठरलं तेव्हा माझी फक्त वीतभर वीण राहिली होती, आणि मग कडेला लाल पिसांची झालर.

एवढ्यात ती क्रिकेटची मॅच आली.

मित्रांनो, क्रिकेट तुम्हालाही प्रिय आहे, पण आमच्याकडचं जरा वेगळं आहे. एका बाजूला किती माणसं खेळावीत याला धरबंध नाही. गावात जेवढे उभे राहू शकतात तेवढे खेळतात. बॅट म्हणजे तीनधारी सोटा असतो, मुठीला काथ्या गुंडाळलेला. आणि गडी बाद झाला की समोरचं सगळं गाव रांगेत उभं राहून टाळ्या पिटत नाचतं. आमच्या सालेतोगोचा नाच आसोमुआचा मुलगा तासी चालवायचा. त्याच्यासारखा नाचणारा जवळपास नव्हता. त्या दिवशी शेजारच्या लोतोपुआ गावाशी मॅच होती. लोतोपुआच्या मुलीही बघायला आल्या होत्या, म्हणून तासीने डोक्यापासून पायापर्यंत खोबरेल चोपडलं होतं. उन्हात तो पितळेच्या भांड्यासारखा चमकत होता.

नाच झाला की तेलकट हातांना वाळू घासायची आणि मगच बॅट धरायची, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण आमची बॅटिंग आली, गडी भराभर बाद झाले, तासीचं नाव पुकारलं गेलं आणि तो तसाच नाचत नाचत खेळायला गेला.

स्टंपामागे लोतोपुआचा पेनी उभा होता. फुआतिनोचा धाकटा मुलगा. दिसायला आडवा, तोंडाने तिखट.

"काय रे नाचऱ्या, बॅटही नाचवणार का?"

"तू फक्त बघ," तासी म्हणाला.

चेंडू आला. तासीने सोटा गरकन फिरवला, आणि तो सोटा तेलकट हातांतून निसटून मागे गेला. पेनीच्या कानशिलावर बसला. आवाज फार मोठा झाला नाही. विणकामाच्या घरात एखाद्या बाईच्या हातातली पात तुटावी, तेवढाच.

पलीकडच्या बेटावरच्या इस्पितळात न्यायला पेनीला ट्रकमध्ये घालून धक्क्यावर नेलं. बोट समुद्रात निम्म्यावर असतानाच तो गेला. पोलीस येऊन गेले, अपघात म्हणाले. पण पोलिसांनी अपघात म्हटल्याने लोतोपुआतल्या कोणाचा राग शांत होणार नव्हता. पेनीचा थोरला भाऊ मातागी घराच्या पायरीवर बसून कोयत्याला धार लावतोय, ही बातमी संध्याकाळच्या आत आमच्याकडे पोचली. तासीला घरात मधोमध बसवलं होतं आणि चुलत्यांनी त्याच्याभोवती कडं केलं होतं. तो रडतही नव्हता. आपल्या तळहातांकडे बघत बसला होता.

अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्या घराकडून मरण घडलं, त्या घराच्या प्रमुखाने पहाटे मेलेल्याच्या घरासमोर जाऊन बसायचं. मान खाली, आणि डोक्यावरून उत्तम चटई पांघरलेली. सोबत सरपण, स्वयंपाकाच्या भट्टीत तापवायचे दगड आणि केळीची पानं घेऊन जायचं. म्हणजे असं, की आम्हीच तुमच्या भट्टीला आलो आहोत, भाजायचं असेल तर भाजा. समोरच्यांनी येऊन चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर त्यांच्या हातात जे असेल ते चटईवर पडतं.

आसोमुआ विणकामाच्या घराशी आला आणि खांबाला टेकून बसला. आमच्याकडे भाऊ कितीही मोठ्या पदवीचा असो, बहिणीपुढे त्याचा आवाज चढत नाही, आणि तिच्या हातातलं तो मागत नाही. तो नुसताच बसला.

"पेनी गेला," शेवटी म्हणाला.

"कळलं."

"पहाटे निघतोय आम्ही. गावातले सगळे प्रमुख येतायत बरोबर."

"डोक्यावर काय घेणार?"

घरातल्या जुन्या चटया महिन्यापूर्वी गावाच्या थोरल्या प्रमुखाच्या मयताला गेल्या होत्या. घरात उरल्या होत्या त्या झोपायच्या.

"शेजारचे त्यांची देतो म्हणालेत."

"उसनी?" मोएलागी म्हणाली. "पोर आपलं, मान आपली, आणि चटई दुसऱ्याची? उद्या उचललीच त्यांनी, तर माफी कोणाला मिळाली म्हणायची? शेजाऱ्यांना?"

"मग काय करू, सांग तू."

वाओसा मागे उभी होती. ती म्हणाली, "आई, ही दे मामाला."

"ही तुझ्या लग्नाची आहे. आणि अजून झालेली नाही."

"लग्न मला माणसाशी करायचंय, चटईशी नाही."

"अगं पण अर्धवट चटई नेली तर ते म्हणतील थट्टा करायला आलात," आसोमुआ म्हणाला.

मोएलागीने माझ्या सुट्या राहिलेल्या पाती मुठीमुठीने गोळा केल्या, काथ्याने बांधल्या, मला मांडीवरून उचललं आणि भावाच्या पुढ्यात ठेवलं. "त्यांना जे म्हणायचं ते म्हणोत," ती म्हणाली. "आपली आहे. मीही येते मागून."

पहाटेचा तो रस्ता मला स्वप्नासारखा आठवतो. समुद्राच्या कडेने माणसं चालत होती आणि कोणाच्याच पावलांचा आवाज नव्हता. धुक्यातून नारळाची झाडं एकेक करून पुढे येत आणि मागे जात. लोतोपुआला पोचल्यावर सगळे पेनीच्या घरासमोर गवतावर बसले. आसोमुआ सगळ्यांच्या पुढे, त्याच्या मागे तासी, दोघांची कपाळं जमिनीला. आणि दोघांच्या वरून मी.

जगात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी अंगावर होते. खाली दोन श्वास चालू होते, एक जाड आणि एक तुटक. तासीच्या अंगाला अजून खोबरेलाचा वास येत होता. दव माझ्यात मुरलं आणि मला वाटलं, मी पुन्हा पान झाले आहे, वारा सुटेल आणि मी या दोघांना घेऊन समुद्रावर जाईन. मग घरातून लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला.

ऊन वर आलं तरी कोणी बाहेर आलं नाही. खाली घाम सुटला. एकदा मातागी आला आणि इतका जवळ उभा राहिला की त्याची सावली माझ्यावर पडली. तासीचा श्वास थांबला. मातागीने कोयत्याच्या टोकाने माझी कड उचलली, आणि काथ्याने बांधलेल्या सुट्या पाती त्याला दिसल्या.

"आई! बाहेर ये आणि बघ. अर्धवट चटई घेऊन आलेत! आपल्या पेनीची एवढीच पत!"

मागे बसलेल्या प्रमुखांत कुजबूज झाली. बोलायचं नसतं, म्हणून आसोमुआ बोलला नाही. त्याच्या दातांचा आवाज मात्र मला ऐकू आला.

फुआतिनो बाहेर आली. ठेंगणी बाई, केस पांढरे. ती माझ्याशेजारी खाली बसली आणि तिने माझ्या विणीवरून बोट फिरवलं. विणणाऱ्या बाईचं बोट मला लगेच कळतं. ते पातीवरून जात नाही, पातीच्या मधून जातं.

"कोणाची ही?"

"माझी," मागून मोएलागी म्हणाली. "मांडीवरून उचलून आणलीय. घरात दुसरी नव्हती."

"उसनी मिळाली असती."

"मिळाली असती."

फुआतिनोने माझी कड वर करून उन्हाकडे धरली. "डोळे गेले असतील तुझे."

"गेलेच की."

"किती राहिलीय?"

"वीतभर."

"आई, काय बोलत बसलीस यांच्याशी?" मातागी ओरडला.

"ओरडू नकोस. मी म्हातारी आहे, बहिरी नाही." फुआतिनो गुडघ्यावर हात ठेवून उठली. "ऐका. अर्धवट चटई मी घेत नाही. परतही पाठवत नाही. ही इथेच राहील. बाई, तू इथे येऊन माझ्या घरात बसून ती पुरी कर. ती पुरी होईपर्यंत माझ्या घरातलं कोणी कोणाच्या अंगावर हात टाकणार नाही. पुरी झाली की मातागी काय ते सांगेल. मेला तो त्याचा भाऊ आहे."

"आणि मी नाही म्हणालो तर?" मातागीने विचारलं.

"तर नाही म्हण. पण त्या दिवशी."

तिने मला उचललं. खाली आसोमुआ आणि तासी डोळे किलकिले करून उन्हात बसलेले. माफी मिळाली नव्हती, आणि नाकारलीही गेली नव्हती. असं यापूर्वी कोणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून उठावं की बसून राहावं, हे प्रमुखांनाही कळेना. शेवटी फुआतिनोच म्हणाली, "आता जा घरी. उन्हात मराल."

तेव्हापासून मोएलागी समुद्राच्या कडेने चालत लोतोपुआला येऊ लागली. सकाळी यायची, पात कडक व्हायच्या आत विणायची आणि परत जायची. पहिले काही आठवडे फुआतिनो तिच्याकडे पाठ करून बसायची. घरात दोन बायका आणि समुद्राचा आवाज. विणकर बाईला काम पुरं होण्याचा आनंद असतो, मोएलागीला भीती होती. वीण पुढे सरकली की तासीचा निवाडा जवळ येणार. आणि थांबावं, तर फुआतिनो पाठ करून बसलेली असली तरी तिचे कान माझ्याकडेच.

मातागी रोज दुपारी वाडीतून यायचा, कोयता खांबाला टेकवायचा आणि एकच विचारायचा.

"किती राहिली?"

"आहे अजून," त्याची आई म्हणायची.

एक दिवस मोएलागीची पात तुटली. मग दुसरी तुटली. पाठमोऱ्या फुआतिनोला राहवलं नाही.

"ओली कर की जरा! वाळलेलं गवत विणतेस का?"

"केलीय ओली."

"थुंकीने नाही होत. आण इकडे."

ती वळली, नारळाच्या करवंटीतलं पाणी बोटांना लावलं आणि माझा दुसरा कोपरा मांडीवर घेतला. त्या दिवसापासून दोघी दोन बाजूंनी विणू लागल्या.

"तुझी ओढ ढिली आहे."

"ढिली नाही, मऊ आहे."

"मऊ कसली. यातून वाळू गळेल."

"आणि तुझी वीण इतकी घट्ट की चटई उभी राहील. खांब म्हणून लाव घराला."

फुआतिनोच्या नाकातून काहीतरी आवाज निघाला. ते हसू होतं, पण तिला ते नको होतं. मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पेनी फार खायचा. आता रोज भट्टीत एक नीरफणस जास्त होतो. हात जातो आणि टाकला जातो."

मोएलागीने मान वर केली नाही. "आमच्याकडे तासी जेवत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडेही उरतो."

मित्रांनो, माझ्या शेवटच्या वीतभर भागात बोट फिरवलंत तर एक बारीकशी लाट लागेल. तिथे एका बाजूची वीण घट्ट आहे आणि दुसऱ्या बाजूची सैल. मला नावं ठेवणारे तो दोष आहे म्हणतात. म्हणू देत.

मधल्या दिवसांत वाओसाचं लग्न झालं. चटईवाचून झालं. सासूने दारातच विचारलं, "एकच लेक, आणि हातात चटईसुद्धा नाही?" वाओसा म्हणाली, "आहे की. लोतोपुआला गेलीय, माझ्या मामेभावाचा जीव सांभाळायला."

एका सकाळी शेवटच्या ओळीच्या पाती हातात आल्या. दुपारी मातागी आला आणि त्याने नेहमीचं विचारलं.

"संपली," फुआतिनो म्हणाली.

तो उभाच राहिला. माझ्याकडे बघितलं, मोएलागीकडे बघितलं. खांबाला टेकवलेला कोयता उचलला आणि बाहेर गेला. घराच्या मागे कोंबड्यांचा मोठा कालवा झाला, मग तोही थांबला. मोएलागीचे हात मांडीवर नुसते पडले होते. हातात धरायला आता पातही नव्हती. फुआतिनोने तिला पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. सूर्य समुद्रातल्या खडकांच्या ओळीपलीकडे उतरायला लागला. मोएलागी उठायला गेली, तेव्हा फुआतिनोने तिचा हात धरून खाली बसवलं. "थांब," म्हणाली. पण तिचाही हात गार होता.

मातागी परत आला तेव्हा त्याच्या हातात कोयता नव्हता. टोपली होती. त्याचे हात मनगटापर्यंत लाल झालेले. त्याने टोपली माझ्यावर ठेवली. टोपलीत पिसं होती, आणि हात लाल झाले होते ते त्याच पिसांना दिलेल्या रंगाने. आपला पांढरा कोंबडा मारून त्याने ती रंगवून वाळवून आणली होती.

"झालर लागते ना कडेला," तो म्हणाला. "तुमच्यावर सोडलं असतं तर अजून वर्षभर पिसं शोधत बसल्या असतात दोघी."

फुआतिनोने टोपली आपल्याकडे ओढली.

"आत्याबाई," मातागी मोएलागीला म्हणाला, "तुमच्या तासीला सांगा, चर्चच्या मॅचला आमच्याकडे स्टंपामागे उभं राहायला कोणी नाही. त्याला म्हणावं, ये."

पदर नसताना मोएलागीने तोंड लपवून रडायचं तरी कुठे? तिने मलाच तोंडाशी धरलं. डोळ्यांचं पाणी माझ्यावर पहिल्यांदाच पडलं. ते मी वाळू दिलं नाही, असं मला अजून वाटतं.

पुढे रीतसर सगळं झालं. आसोमुआ पुन्हा येऊन माझ्याखाली बसला, मातागीने मला स्वतःच्या हाताने उचललं, भाषणं झाली, आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं इतकी वाटली गेली की कुत्रीसुद्धा उन्हात आडवी झाली. मी मातागीच्या घरची झाले.

त्यानंतरची माझी वर्षं फार शांत गेली. आमच्यासारख्या चटया घडी करून झोपायच्या चटयांखाली ठेवतात, म्हणजे माणसांच्या वजनाने आम्ही सपाट राहतो. मी फुआतिनोच्या अंथरुणाखाली असायचे. माणसाची स्वप्नं वरून खाली झिरपतात, हे मला तेव्हा कळलं. जड स्वप्न असेल तर अंग जड होतं. आनंदाचं असेल तर झोपलेला माणूस इतका हलका होतो की मला वाटायचं, अंथरूण रिकामं आहे. कधी फुआतिनोच्या स्वप्नात मुलाची पावलं यायची, ओल्या वाळूवरची. कधी नुसताच समुद्र यायचा. मी त्या समुद्राला ओळखायचे. पान असताना अर्धवट ऐकलेलं एखादं वाक्य त्यात पुन्हा सापडायचं आणि मीही झोपी जायचे.

मग माझा प्रवास सुरू झाला. मातागीला पदवी मिळाली तेव्हा मला पटांगणात दोन बायकांनी दोन टोकांना धरून फिरवलं. लोकांनी ‘वीतभर राहिलेली’ या माझ्या नावाने आरोळी दिली. मी एका लग्नात दुसऱ्या बेटावर गेले, कोणाच्या तरी मयतातून परत आले. बोटीच्या तळाशी, डुकरांच्या आणि नारळाच्या पोत्यांच्या शेजारी मी प्रवास केला आहे. शेवटी मातागीची मुलगी लाउइना न्यूझीलंडला कामाला गेली तेव्हा त्याने मला तिच्या बॅगेत घातलं. विमानात मला वाटलं, ढगही कोणीतरी उकळून, सोलून वाळत घातलेले आहेत.

ऑकलंडला थंडी असते. तिथली घरं भिंतींची. मला लाउइनाने पहिल्या वर्षी पलंगाखाली ठेवलं, मग घर बदललं, मग मुलं झाली, मग पुन्हा घर बदललं. मला गॅरेजमध्ये ठेवलं गेलं. कोणी मुद्दाम वाईट वागलं नाही, मित्रांनो. विसरलं गेलं, एवढंच. कपडे धुण्याच्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून एका पोराने मला त्यावर पसरलं. यंत्र सुरू झालं की मी तासन् तास थरथरायचे. माझ्या झालरीला कसर लागली. वर झोपणारं कोणी नसल्यामुळे मला स्वप्नंही येईनात. जागेपणाची एवढी लांब वर्षं मी कधी काढली नव्हती.

तासीही त्याच शहरात राहत होता. अनेक वर्षांपूर्वीच तो तिथे आला होता, कारखान्यात काम करत होता, आणि ते मला ठाऊक नव्हतं. मला कळलं ते लाउइना एका सकाळी धावत गॅरेजमध्ये आली तेव्हा.

"अगं बाई, ही इथे पडलीय! कोणी घातली हिला यंत्रावर?"

"मीच," तिचा मुलगा म्हणाला. तो आता मोठा बाप्या झाला होता. "जुनीच तर आहे."

"जुनी आहे म्हणूनच! धर ते टोक. सावकाश. हात धुतलेस का?"

"कोणासाठी काढतेस?"

"तासीकाका गेले. त्यांच्या शवपेटीवर घालायला न्यायची."

"आपले कोण लागायचे ते?"

लाउइनाने माझ्यावरची धूळ झटकली. "लागायचे नाहीत," ती म्हणाली. "झाले."

तिने मला गार पाण्यात धुतलं, थंडीच्या कोवळ्या उन्हात वाळवलं आणि कसरीने खाल्लेली पिसं काढून नवी लावली. मग आम्ही गेलो. चर्चच्या दारात तासीच्या मुलींनी मला पाहिलं आणि त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. आता मी त्याच्या थोरल्या मुलीच्या अंथरुणाखाली असते. तिची स्वप्नं तिच्या बापासारखीच आहेत, थोडी नाचरी.

मित्रांनो, तुमच्याही घरात घडी करून ठेवलेलं काहीतरी असेल. कोणाच्या तरी बोटांचं, कोणाच्या तरी डोळ्यांचं. ते काढा. हात धुऊन काढा. कोवळं ऊन दाखवा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा की हे कोणी केलं, कोणासाठी केलं आणि कोणाकडून आलं. उत्तर ऐकून झालं की पुन्हा घडी घाला. पण वर्षातून एकदा तरी काढा. आम्हाला वापरलं नाही तरी चालतं, विसरलं तर चालत नाही.

आसोमुआ आणि मोएलागी एकाच वर्षी वारले, भाऊ आधी, बहीण त्यामागून. फुआतिनो मोठं वादळ आलं त्याच्या आदल्या वर्षी वारली. मातागी लोतोपुआतच नीरफणसाच्या हंगामात वारला. आणि आसोमुआचा मुलगा तासी गेल्या वर्षी जून महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी, ऑकलंडला, आपल्या अंथरुणात, म्हातारा होऊन वारला.